प्रस्ताव विचाराधीन आहे

कुवेतला जाऊन आम्हाला बरीच वर्षं झाली होती, तेव्हा माझी बोटं पहिल्यांदा सुजली. आधी वाटलं, एसीचा गारठा असेल. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही, गरम पाण्यात हात बुडवून बसले की थोडी वळायची. मी तिथल्या इंडियन स्कूलमध्ये केजीच्या वर्गाला शिकवत होते. लहान मुलांच्या वर्गात बाईच्या हातांना उसंत नसते. कुणाची नाडी, कुणाचं नाक, कुणाच्या डब्याचं घट्ट बसलेलं झाकण. एक दिवस एका मुलीच्या पाण्याच्या बाटलीचं बूच मला उघडेना. ती समोर उभी राहून वाट बघत होती. शेवटी तिने बाटली माझ्या हातातून घेतली, दातांनी बूच फिरवलं आणि पाणी प्यायली. त्या दुपारी घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं.

नवरा शुऐबाला एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये मेंटेनन्सला होता. आम्ही दोघंही नाशिकचे. लग्न झाल्यावर वर्षभरात तो तिकडे गेला, मागून मी गेले, आणि मुलगी तिथेच जन्मली. त्याने माझा हात हातात घेऊन एकेक बोट हळूच वाकवून पाहिलं, प्लांटवर एखादा व्हॉल्व्ह तपासावा तसं. मग म्हणाला, "किती दिवस झाले?"

"दिवाळीपासून असेल."

"आणि तू आज सांगतेस."

आधी भागातलं क्लिनिक, मग रक्ताच्या तपासण्या, मग सरकारी हॉस्पिटलची स्पेशालिस्ट ओपीडी, असं करत आजाराचं नाव कळलं. संधिवात, पण म्हातारपणी गुडघे धरतात तो नव्हे. शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं तो. गोळ्या घेऊन वर्ष गेलं, फरक पडेना. मग तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सलाईनमधून द्यायचं औषध सुरू केलं. त्या इजिप्तच्या होत्या, बोलायच्या कमी. "हे काम करेल," एवढंच म्हणाल्या. ठरावीक आठवड्यांनी जायचं, डे-केअरच्या खुर्चीत दोन-तीन तास बसायचं, औषध थेंबाथेंबाने आत जायचं आणि घरी यायचं. बाहेर खाजगीत हे घ्यायचं म्हटलं असतं तर ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. सरकारी ओपीडीत वर्षाचा विमा आणि किरकोळ फी भरली की मिळत होतं.

तिसऱ्या सलाईननंतरच्या एका शुक्रवारी मी थालीपीठ थापलं. ओल्या फडक्यावर चारही बोटांनी थापलं, मधे भोकं पाडली, उचलून तव्यावर टाकलं. मुलगी टेबलावर अभ्यास करत होती. तिला मी मोठ्याने हाक मारून दाखवलं. "नाइस, आई," ती मान वर न करता म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही, आणि मला तेही बरं वाटलं.

डे-केअरच्या त्या खोलीत बायकांची बाजू आणि पुरुषांची बाजू वेगळी होती. मधे प्लायवूडचं पार्टिशन, तेही छतापर्यंत न गेलेलं. पलीकडचं बोलणं सगळं ऐकू यायचं. अरबी, मल्याळम, बंगाली, कधी उर्दू. एकदा मी खुर्चीत डोळे मिटून पडले होते, तर पलीकडून आवाज आला, "गो, सांगलंय मा तुका, हय सगळा बरा आसा. कामार आसंय मी. मशीन चालू आसा, आवाज येता ना तो मशीनीचो." आवाज सलाईनच्या पंपाचा होता. माझ्याही डोक्याशी तसाच वाजत होता.

त्याने फोन ठेवल्यावर मी पार्टिशनच्या दिशेने विचारलं, "सावंतवाडी की वेंगुर्ला?"

पलीकडून उत्तर आलं, "वेंगुर्ला. कोण बोलता?"

"इकडे बायकांच्या बाजूला आहे मी. नाशिकची."

"मगे आमची भाषा कशी समाजली तुमका?"

"माझी मामी तिकडची."

तो हसला. "म्हणजे तुमी सगळा ऐकलात."

तो पाइप फिटर होता. मीना अब्दुल्लाला रिफायनरीच्या कामावर, एका कॉन्ट्रॅक्टरकडे. कॅम्पात एका खोलीत सहाजण राहायचे. त्याचा आजार कण्याचा होता, औषध मात्र माझंच. "पाठीचे मणके एकमेकांक चिकटतत," त्याने मला समजावलं. "औषध घेतला की सुटतत. नाय घेतला तर एक दिवस आख्खी पाठ बांबू होतली, असा डॉक्टरीण म्हणता." घरी त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बायको, दोन मुली आणि आई, सगळ्यांना वाटायचं तो कामावर आहे.

"बायकोला तरी सांगायचं," मी म्हटलं.

"कित्याक? ती थंय रडतली, मी हय. फोनार दोघांनी रडान काय होतला?"

आमची औषधाची अंतरं सारखी होती, त्यामुळे तारखा बहुतेक एकाच दिवशी यायच्या. तो मला वयनी म्हणायचा. मी कधी डब्यात चिवडा किंवा पोळीचा लाडू न्यायचे आणि केरळच्या सिस्टरकडे देऊन पलीकडे पाठवायचे. जाताना वेटिंग हॉलमध्ये तो नवऱ्याला हात करायचा. सडपातळ, उंच, ताठ माणूस. अशी दोनेक वर्षं बरी गेली. बरी म्हणजे खरोखर बरी. आता मागे वळून बघताना मला त्याच दिवसांचा त्रास होतो.

बातमी बिल्डिंगमधल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. इंग्रजी पेपरातलं कात्रण होतं. बाहेरून आलेल्या लोकांनी हॉस्पिटलच्या स्पेशालिस्ट ओपीडीचा आणि डे-केअरमधल्या औषधांचा पूर्ण खर्च स्वतः उचलावा, असा प्रस्ताव पुढे आला आहे. प्रस्ताव विचाराधीन आहे. खाली कुणीतरी हात जोडलेले पाठवले होते, आणि त्याच्या खाली एकीने विचारलं होतं की फिंतासच्या मॉलमध्ये सेल कधीपर्यंत आहे.

मी संध्याकाळी नवऱ्याला फोन पुढे केला. त्याने दोनदा वाचलं.

"प्रस्ताव आहे," तो म्हणाला. "असे रोज येतात. मागे नाही का, ड्रायव्हिंग लायसन्सचं काय काय म्हणत होते."

मुलगी म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ प्रपोजल. डोंट फ्रीक आउट."

मी घाबरले नव्हते. मला राग यायला हवा होता आणि येत नव्हता. एखाद्या देशाने आपल्या दवाखान्याचा पैसा आधी आपल्या माणसांवर खर्च करायचं ठरवलं, तर त्यात बोट ठेवायला मला जागा सापडेना. तिथल्या म्हाताऱ्या बायकाही त्या ओपीडीत तासन्‌तास बसलेल्या मी पाहत होते. कुणी माझं काही हिसकावून घेत नव्हतं. मला जे मिळत होतं ते माझं नव्हतं, आणि ते मला पहिल्यापासून माहीत होतं. भांडायला समोर कुणी असतं तर निदान घसा तरी मोकळा झाला असता.

पुढच्या सलाईनच्या दिवशी सगळं नेहमीसारखं झालं. वजन, रक्तदाब, शीर सापडायला लागणारा वेळ. औषध सुरू असताना डॉक्टरीणबाई फेरीला आल्या. मी पुढची तारीख विचारली. त्यांनी सिस्टरच्या कॉम्प्युटरवर माझी फाइल उघडली, दोन-तीनदा काहीतरी दाबलं, आणि थांबल्या.

"तारीख घेत नाहीये," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

"नियम आला का?"

"नाही."

"मग?"

"नियम येईल म्हणून पुढच्या तारखा थांबवल्यात. तुमच्या प्रकारच्या फाइलींच्या."

"किती दिवस?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्यांना खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं ठाऊक नव्हतं. "मला तुमच्याइतकंच माहीत आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. डॉक्टर म्हणून नव्हे. मग पार्टिशनच्या पलीकडे गेल्या आणि तिकडेही तेच बोलणं झालेलं मी ऐकलं, जरा मोडक्या हिंदीत.

बाई गेल्यावर तो पलीकडून म्हणाला, "वयनी, तुमका तारीख गावली?"

"नाही."

"माकाय नाय." थोड्या वेळाने म्हणाला, "सिस्टरीक सांगा आज हळू सोड म्हणान. जितक्या वेळ चलात तितक्या बरा."

सिस्टर हसली, पण तिने माझ्या पंपाचा वेग खरंच कमी केला. त्याचा केला की नाही ते मला दिसलं नाही.

तारखेचं विचारलं की ओपीडीच्या काउंटरवरचा माणूस दर वेळी म्हणायचा, "बुकरा." अरबीत बुकरा म्हणजे उद्या. कुवेतमध्ये राहिलेल्या माणसाला ठाऊक असतं की हा उद्या कॅलेंडरमधला नसतो. नवऱ्याने शिफ्ट बदलून घेऊन काउंटरवर खेपा घातल्या. पहिल्यांदा तो अदबीने बोलला, दुसऱ्यांदा त्याच्या प्लांटमधल्या एका अरबी सहकाऱ्याला सोबत घेऊन गेला. त्या भल्या माणसाने अर्धा तास आत बसून सगळ्यांशी चहा घेतला आणि बाहेर येऊन सांगितलं, "सगळे फार चांगले लोक आहेत. कुणालाच काही माहीत नाही."

औषधाची मुदत संपल्यावर काही दिवस मला काहीच झालं नाही. मला वाटलं, कदाचित आजार गेला असेल. माणूस असं काय काय मानतो. मग एका सकाळी डाव्या हाताची दोन बोटं तांबडी होऊन वर आली. आठवड्याने उजवा हात. मग पावलं. वर्गात मी खडू धरायचे तो दोन्ही हातांनी. मुलं हसायची नाहीत, उलट वर्गातल्या एकीने आपण बाईंचं फळ्यावरचं लिहायचं असं ठरवून टाकलं होतं, आणि ती उलटी अक्षरं काढायची. सत्र संपायच्या आत मी राजीनामा दिला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, बऱ्या झालात की या परत. त्या मनापासून म्हणाल्या असणार. मी हो म्हटलं.

आम्ही खाजगी हॉस्पिटलमध्येही जाऊन आलो. संगमरवरी फरशी, कॉफीचा वास, लगेच अपॉइंटमेंट. तिथल्या डॉक्टरांनी तेच औषध लिहून दिलं. नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात ते बसत नव्हतं, कारण आजार जुना होता. गाडीत बसल्यावर नवरा स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहिला. गाडी चालू केलीच नाही. बाहेर धूळ उठली होती, समोरची बिल्डिंग पिवळट दिसत होती.

"नाशिकचा फ्लॅट विकू," तो म्हणाला.

"आणि मग? वर्षभर औषध. त्यानंतर काय विकायचं?"

मी उगाच बोलले असं मला वाटलं, पण ते खरं होतं आणि तो इंजिनिअर होता. त्याने हिशोब माझ्या आधीच केलेला होता.

याच सुमारास एका दुपारी मी आणि नवरा पुन्हा ओपीडीत चौकशीला गेलो. वेटिंग हॉलच्या टोकाला तो वेंगुर्ल्याचा फिटर बसलेला होता. मी आधी ओळखलंच नाही. त्याने मला हाक मारली, पण मान वळवली नाही. खांद्यापासून कमरेपर्यंत सगळा माणूस एकदम वळला, कपाटाचं दार उघडावं तसा. नवऱ्याने मशीनमधून तीन चहा आणले. त्याला कागदी कप तोंडाशी नेता येत होता, पण तळाचा चहा पिता येत नव्हता, कारण त्यासाठी मान मागे टाकावी लागते. त्याने उरलेला चहा तसाच खुर्चीखाली ठेवून दिला.

"कंपनीक कळला," तो म्हणाला. "मचाणार होतंय. मागसून सेफ्टीवाल्यान हाक मारली. मी आख्खो फिरलंय. तेना बघल्यान आणि सांगल्यान, खाली ये."

"मग?"

"खाली इलंय. मगे कंपनीच्या डॉक्टरान अनफिट लिवल्यान. तिकीट झाला. रविवारी जातंय."

नवरा म्हणाला, "दुसरीकडे कुठे, खालच्या कामावर, स्टोअरमध्ये वगैरे..."

"विचारलंय. फिटर म्हणान आणललो, फिटर नाय तर घरी." त्यात त्याची तक्रार नव्हती. हवामान सांगावं तसं सांगत होता. आज तो कशासाठी आला होता असं मी विचारलं, तर म्हणाला, जायच्या आधी एकदा विचारून बघावं. न जाणो, आजच तारीख सुटली असेल. सुटली नव्हती.

जरा वेळाने तो म्हणाला, "वयनी, घरी काय सांगू?"

"आता खरं सांगा. दिसणारच आहे त्यांना."

"खरा म्हणजे काय पण? रोग वाढलो म्हणान इलंय? औषध नाय म्हणान इलंय? नियम बदललो म्हणान इलंय?" तो थांबला. "नियम तर बदललोच नाय अजून."

नवऱ्याने त्याला कॅम्पापर्यंत सोडायची तयारी दाखवली, पण तो म्हणाला कंपनीची बस येईल. आम्ही निघालो तेव्हा तो जागेवरच होता, समोरच्या भिंतीकडे बघत. बघण्यासाठी त्याच्याकडे तेवढीच दिशा उरली होती.

आमचा निर्णय कुणी एकाने घेतला असं नाही झालं. एका शुक्रवारी जेवताना नवरा माझ्यासाठी पोळीचे तुकडे करत होता. तुकडे करता करता म्हणाला, "नाशिकला याच औषधाचं देशी बनावटीचं मिळतं म्हणे. पुष्कळ कमी खर्चात. चौकशी केलीय मी."

"कधी केलीस?"

"झाले काही दिवस."

"म्हणजे मी जायचं."

"आपण सगळे..." असं म्हणून तो पुन्हा पोळीचे तुकडे करू लागला. तो नोकरी सोडून आला असता तर कमी खर्चातलं औषधही परवडलं नसतं. आणि मुलगी अकरावी संपवत होती. पुढचं वर्ष बोर्डाचं.

"मी नाही येणार मधेच," मुलगी म्हणाली. मग इंग्रजीत, भराभर, की शाळा बदलली तर सगळं वाया जाईल, तिथे तिचं कुणी नाही, तिला नाशिक म्हणजे फक्त सुट्टी माहीत आहे. ती चूक नव्हती. बोलून झाल्यावर ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बसली. बराच वेळ पाणी वाहत होतं. कुवेतमध्ये पाणी समुद्रातून काढतात, वाया घालवू नकोस, असं मी तिला लहानपणापासून सांगत आले होते. त्या दिवशी सांगितलं नाही.

निघेपर्यंतच्या दिवसांत ती रोज सकाळी माझी वेणी घालायची. कधी शिकली होती कोण जाणे. वेणी घालताना आमचे चेहरे एकमेकींना दिसायचे नाहीत, म्हणून असेल, पण तेव्हा ती मराठीत बोलायची. "घट्ट झाली का?" "नाही." "उद्या दोन घालू?" "म्हातारीला दोन वेण्या कशाला?" अशी बोलणी. एअरपोर्टवर माझ्यासाठी व्हीलचेअर मागवली होती. मी बसल्यावर माझी उंची एकदम कमी झाली, आणि ती दोघं उंच उभी दिसली. नवरा माझ्या पायांवर शाल नीट करत राहिला. ती आधीच नीट होती.

नाशिकचा फ्लॅट बंद राहून राहून कुबट झाला होता. धाकट्या जावेने येऊन झाडून घेतला, कामाला एक बाई लावून दिली. डॉक्टर तरुण होते. एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणाले, "मधे किती दिवस खंड पडला?" मी सांगितलं. का पडला ते विचारल्यावर तेही सांगितलं. त्यांना ते नीट कळलं नाही. "म्हणजे बंद केलं होतं त्यांनी?" ते म्हणाले.

"नाही. बंद नव्हतं केलं."

"मग मिळत होतं?"

"नाही."

त्यांनी औषध सुरू केलं, आणि दुखणं उतरलंही. पण झीज झालेले सांधे परत येत नाहीत, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. माझी बोटं आता करंगळीच्या दिशेला कललेली आहेत. पेला मी दोन्ही तळव्यांत धरते. थालीपीठ कामाची बाई थापते. चांगलं थापते.

ठरावीक मुदतीपेक्षा जास्त बाहेर राहिल्यामुळे माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, गेला. ओपीडीतली फाइल त्याच्यावरच होती. नवरा अधूनमधून तिकडे जाऊन विचारत असे, आधी माझ्यासाठी, मग सवयीने. उत्तर तेच. प्रस्ताव विचाराधीन आहे. आजही आहे. कधी पेपरात येतं की लवकरच, कधी येतं की फेरविचार, कधी नुसतीच वेगळी फी वाढते. मी आता वाचत नाही. ज्या गोष्टीने माझं घर मोडलं ती अजून घडलेलीच नाही, हे कुणाला समजावून सांगण्याच्या भानगडीतही पडत नाही.

एकदा वेंगुर्ल्याला त्या फिटरच्या घरी फोन केला. बायकोने उचलला. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाली, "तुमच्या चिवड्याचा सांगी होते ते." मग आवाज बारीक करून, "आमका कायच म्हायत नव्हता हो. दारात रिक्षेतसून उतारले, तेव्हा बघलंव." तिने फोन त्याला दिला.

"वयनी, हात कसे आसत?"

"वाकडे. पाठ?"

"तीय वाकडी. देवासमोर वाकूचो त्रास वाचलो." तो हसला, मीही हसले. औषध घेता का विचारलं, तर म्हणाला गोव्याच्या हॉस्पिटलात एकदा जाऊन आला, लांब पडतं, गाडीत बसवत नाही. त्यानंतर मी दोनदा फोन केला, लागला नाही. नंबर बदलला असेल. तिसऱ्यांदा मी केला नाही.

मुलगी बोर्डाला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि पुण्याला हॉस्टेलवर राहायला गेली. सुट्टीच्या दिवशी येते, माझ्याशी प्रेमाने वागते, आणि परत जायची घाई लपवते. नवऱ्याने कुवेतमधला आमचा एगैलाचा फ्लॅट सोडला. एकट्याला तो कशाला हवा होता. आता तो आणखी दोन इंजिनिअरांबरोबर एका खोलीत राहतो. व्हिडिओ कॉलवर त्याच्या मागे दुसऱ्या कुणाचे तरी कपडे वाळत असतात.

गेल्या रजेत तो घरी आला. सकाळी मी उठले तर स्वयंपाकघरात त्याने चहा केला होता, एकच कप. मला बघून ओशाळला आणि पुन्हा आधण ठेवलं. जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः घासून, पुसून, वेगळं ठेवायचा. आंघोळ झाली की साबण डबीत घालून बॅगेत परत ठेवायचा.

"इथे कोण घेणारे तुझा साबण?" मी म्हटलं.

त्याने हातातल्या डबीकडे पाहिलं. "हं. सवय." डबी बाथरूममध्ये ठेवून आला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बॅगेत होती. पलंगावर तो अगदी कडेला झोपायचा, भिंतीकडे तोंड करून, अंग चोरून. दुसऱ्याच्या जागेत हात जाऊ नये म्हणून माणसं झोपतात तसा. मी दुपारी त्याला तसा झोपलेला बघत बसायचे. पन्नाशीचा, चांगल्या हुद्द्यावरचा माणूस. त्याच्या डोक्याखालची उशी तो मधेच हाताने चाचपायचा, झोपेतच. तिकडच्या खोलीत पाकीट, फोन उशीखालीच ठेवत असेल.

जायच्या आदल्या दिवशी त्याने माझी नखं कापली. मला ती कापता येत नाहीत आणि कामाच्या बाईला सांगायला मला जड जातं. बाल्कनीत, उजेडात, माझा हात आपल्या गुडघ्यावर घेऊन त्याने एकेक बोट धरलं. वाकडं बोट सरळ करायचा प्रयत्न त्याने केला नाही. जसं होतं तसंच धरलं.

"दुखतंय?"

"नाही."

"पुढच्या वेळी जरा लांब रजा मिळते का बघतो."

"बघ."

त्याने नखांचे तुकडे कागदात गोळा केले. मग आम्ही दोघंही खालच्या रस्त्याकडे बघत बसलो. बोलण्यासारखं पुष्कळ असायला हवं होतं. त्याने मला कुवेतमधल्या उकाड्याचं सांगितलं, मी त्याला जिन्याच्या दुरुस्तीचं सांगितलं.

सकाळी गाडी आली. तो बॅग घेऊन उतरला. दाराची कडी मला लावता येत नाही, म्हणून दार नुसतंच लोटून घेतलं आणि आत येऊन बसले.